वनतळी : शांत निसर्गविहार आणि जलसंवर्धन

भारतातील पर्यटनाचा विचार करताना समुद्रकिनारे, थंड हवेची ठिकाणे, तीर्थक्षेत्रे आणि व्याघ्र प्रकल्प यांची नावे प्रथम पुढे येतात. जंगलाच्या कुशीतील लहान तळी, बोड्या, कुंडे आणि सरोवरे यांचा उल्लेख त्या मानाने क्वचितच होतो. मात्र शहरी जीवनातील गोंगाट आणि गर्दी वाढत गेली, तसतसा अशा ठिकाणी काही तास शांतपणे घालवण्याकडे अनेकांचा ओढा वाढू लागला आहे. काठावरून पायी फिरणे, पक्षी पाहणे, झाडाखाली बसून राहणे, चित्र काढणे किंवा छायाचित्रण करणे एवढेच या विहाराचे स्वरूप असते. त्यासाठी मोठ्या भांडवलाची वा बांधकामांची आवश्यकता नसते. आवश्यकता असते ती स्वच्छ पाण्याची, नैसर्गिक काठाची आणि शांततेची.

याच ठिकाणी एक गंभीर प्रश्न उभा राहतो. तळे जितके लहान, तितका त्यावर माणसाच्या वावराचा परिणाम मोठा असतो. आणि तळे जितके लहान, तितके ते शासकीय नोंदींतून आणि कायद्याच्या संरक्षणातून निसटण्याची शक्यताही अधिक असते. म्हणूनच वनतळ्यांवरील विहार हा केवळ करमणुकीचा विषय न राहता जलसंवर्धन, वनव्यवस्थापन आणि स्थानिक समाजाचे हक्क यांच्याशी जोडला गेलेला विकासाचा प्रश्न ठरतो.

लहान जलाशयांची व्याप्ती

देशातील पाणथळ जागांचे उपग्रह छायाचित्रांच्या साहाय्याने केलेले सर्वेक्षण भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अहमदाबाद येथील अंतराळ उपयोग केंद्राने २०११ मध्ये राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहाच्या रूपाने प्रसिद्ध केले. त्यानुसार देशातील पाणथळ क्षेत्र सुमारे १.५२ कोटी हेक्टर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या ४.६३ टक्के इतके आहे. या सर्वेक्षणात २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांचे नकाशे तयार करण्यात आले. त्याहून लहान असलेल्या ५,५५,५५७ जागा नकाशावर केवळ बिंदूंच्या स्वरूपात दाखवण्यात आल्या. संख्येचा विचार करता लहान जलाशयांचे प्रमाण मोठ्यांच्या अडीच पटींहून अधिक आहे, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशातील पहिल्या जलाशय गणनेत एकूण २४,२४,५४० जलाशयांची नोंद झाली. त्यांपैकी ९७.१ टक्के ग्रामीण भागात आहेत. प्रकारानुसार ५९.५ टक्के जलाशय ही तळी आहेत, तर सरोवरांचे प्रमाण अवघे ०.९ टक्के आहे. वापरात नसलेल्या जलाशयांचे प्रमाण १६.३ टक्के असून ३८,४९६ जलाशयांवर अतिक्रमण झाल्याचे या गणनेत आढळले. भारताच्या जलसंपत्तीचे खरे चित्र समजून घ्यायचे असेल, तर मोठ्या धरणांइतकेच लहान तळ्यांकडेही पाहावे लागते, हेच या आकडेवारीवरून स्पष्ट होते.

वनतळ्यांचे प्रकार

जंगलातील जलाशयांचे त्यांच्या उत्पत्तीनुसार साधारणपणे चार प्रकार करता येतात. पहिला प्रकार नैसर्गिक सरोवरांचा. हिमाचल प्रदेशातील रेणुका, सिक्कीममधील खेचेओपाल्री आणि केरळच्या वायनाड जिल्ह्यातील पूकोड ही त्याची उदाहरणे होत. दुसरा प्रकार हंगामी तळ्यांचा. सह्याद्रीच्या जांभ्या खडकांच्या सड्यांवर पावसाळ्यात साचणारी उथळ डबकी हिवाळ्याअखेर कोरडी पडतात. परंतु तेवढ्या काळात बेडूक, चतुर आणि अनेक दुर्मिळ वनस्पती आपले जीवनचक्र पूर्ण करतात. साताऱ्याजवळील कास पठारावरील कुमुदिनी तळे तेथील फुलांसाठी प्रसिद्ध आहे.

तिसरा प्रकार लोकांनी बांधलेल्या तलावांचा. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मालगुजारी काळातील सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांच्या उभारणीत कोहळी समाजाच्या कौशल्याचा मोठा वाटा होता. १९५० च्या दशकाच्या आरंभी मालगुजारी पद्धत संपुष्टात आल्यानंतर हे तलाव शासनाकडे आले आणि 'माजी मालगुजारी तलाव' म्हणजेच 'मामा तलाव' या नावाने ओळखले जाऊ लागले. उत्तराखंडच्या डोंगराळ भागात माथ्यावर आणि उतारांवर पावसाचे पाणी अडवणाऱ्या लहान तळ्यांना 'चाल' आणि 'खाल' म्हणतात. पौडी गढवालमधील उफरैंखाल परिसरात अशा तळ्यांच्या पुनरुज्जीवनातून जंगलातील ओलावा वाढवण्याचे काम ग्रामस्थांनी केले. चौथा प्रकार वनविभागाने वन्यप्राण्यांसाठी तयार केलेल्या वनतळ्यांचा व कृत्रिम पाणवठ्यांचा होय.

लहान तळ्याची परिसंस्था

तळ्याचे जीवन मुख्यतः त्याच्या काठावर अवलंबून असते. उथळ उताराच्या काठावर सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो. तेथे पाणवनस्पती वाढतात, कीटक अंडी घालतात, माशांची पिले आसरा घेतात आणि वंचक, शराटी, पाणकोंबडी यांसारखे पक्षी अन्न शोधतात. मोठ्या जलाशयात मधल्या खोल भागाचे प्रमाण अधिक असते, तर लहान तळ्यात जवळजवळ संपूर्ण जलाशय हा काठच असतो. त्यामुळे काठावरील पायवाट थोडी रुंद झाली तरी पक्ष्यांना आणि उभयचरांना मागे सरकण्यासाठी जागा उरत नाही.

शांततेचे जैविक महत्त्व टिबुकली या लहान पाणपक्ष्याच्या उदाहरणावरून समजते. हा पक्षी पाणवनस्पतींचे तरंगते घरटे बांधतो. घरटे सोडून जाताना तो आपली अंडी ओल्या वनस्पतींनी झाकून ठेवतो. परंतु माणूस अचानक जवळ आला, तर अंडी झाकण्याइतका वेळही त्याला मिळत नाही आणि उघडी पडलेली अंडी कावळे व शिकारी पक्षी पळवतात. कमळपक्ष्याचे घरटेही तरंगत्या पानांवर असते आणि अंडी उबवण्याचे काम नर करतो. वेगाने जाणाऱ्या होडीने उठवलेल्या लाटा अशा घरट्यांना धोकादायक ठरतात. या पक्ष्यांचा विणीचा काळ प्रामुख्याने पावसाळ्यात येतो आणि अनेक तळ्यांवर पर्यटकांची गर्दीही त्याच काळात होते.

पाणी कमी असल्याने लहान तळ्यात प्रदूषकांचे विरलीकरण होत नाही. साबण, उरलेले अन्न आणि सांडपाणी यांतून येणारे फॉस्फरस व नायट्रोजन पाण्यात साठत जातात. त्यामुळे शेवाळ व जलपर्णी झपाट्याने वाढतात. या वनस्पती मरून कुजू लागल्या की पाण्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. या प्रक्रियेला अतिपोषण म्हणतात. हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात असलेल्या रिवालसर या लहान पवित्र सरोवरात एप्रिल २०१७ मध्ये हजारो मासे मृत्युमुखी पडले. प्रदूषण आणि प्राणवायूची कमतरता यांच्या जोडीला भाविकांकडून माशांना मोठ्या प्रमाणावर खाद्य टाकले जाण्याचा प्रश्नही त्या वेळी चर्चेत आला. श्रद्धेने केलेली कृतीही मर्यादा ओलांडल्यास जलाशयाला कशी हानिकारक ठरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

शांत विहाराचे स्वरूप

विशेष अशा साधनांशिवाय, निसर्गात हस्तक्षेप न करता घेतलेला अनुभव म्हणजे शांत निसर्गविहार, अशी त्याची सोपी व्याख्या करता येईल. जपानच्या वन यंत्रणेने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू' म्हणजे 'वनस्नान' ही संकल्पना मांडली. जंगलात सावकाश फिरणे आणि सर्व ज्ञानेंद्रियांनी त्याचा अनुभव घेणे हा तिचा गाभा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे वर्ष आंतरराष्ट्रीय पर्यावरणस्नेही पर्यटन वर्ष म्हणून पाळल्यानंतर भारतातही अशा पर्यटनाच्या धोरणात्मक चर्चेला चालना मिळाली.

भारतीय परंपरेत या विहाराची बीजे जुनीच आहेत. देवरायांमधील कुंडे आणि झरे, सरोवराची प्रदक्षिणा, पाण्याच्या काठावरील आश्रम यांतून पाणी, वन आणि मनःशांती यांचे नाते समाजाने जपले आहे. आधुनिक काळात त्यात निरीक्षणाची भर पडली. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळील मचाणांवर बसून वन्यप्राण्यांची नोंद करण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. चंद्रप्रकाश आणि उन्हाळ्यातील पाण्याची टंचाई यांमुळे प्राणी पाणवठ्यावर येताना दिसतात. रात्रभर निःशब्द बसणे ही या उपक्रमाची मुख्य अट असते. दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून सुरू असून भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तिच्या संयोजनात महत्त्वाची भूमिका बजावते. हौशी निरीक्षकांच्या नोंदी अशा रीतीने शास्त्रीय माहितीचा भाग बनतात.

निरनिराळ्या ठिकाणांचे अनुभव

हिमाचल प्रदेशातील सिरमौर जिल्ह्यात असलेल्या रेणुका सरोवराचे क्षेत्र केवळ २० हेक्टर आहे. वनाच्छादित टेकड्यांनी वेढलेल्या या सरोवराला नोव्हेंबर २००५ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. येथे भाविक सरोवराभोवती पायी परिक्रमा करतात. एकीकडे धार्मिक महत्त्वामुळे सरोवराला लोकांचे संरक्षण लाभते, तर दुसरीकडे कार्तिकातील जत्रेच्या काळात अल्पावधीत होणाऱ्या गर्दीचे व्यवस्थापन करावे लागते. भोवतालच्या उतारांवरून येणारा गाळ ही डोंगरी भागातील अशा सर्वच सरोवरांची समस्या आहे.

सिक्कीममधील खेचेओपाल्री सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर घनदाट वनात आहे. त्याचे खुले जलक्षेत्र चार हेक्टरांहूनही कमी आहे. बौद्ध आणि लेपचा समाज ते पवित्र मानतात. पाण्यावर पडलेले पान पक्षी लगेच उचलून नेतात, अशी तेथील लोकश्रद्धा आहे. २०२५ मध्ये हे सिक्कीममधील पहिले रामसर स्थळ ठरले. सिक्कीम शासनाने २००६ मध्ये सरोवर संवर्धनासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार स्थानिकांच्या 'पोखरी संरक्षण समित्या' स्थापण्याची तरतूद झाली. सरोवराची स्वच्छता आणि पर्यटकांचे नियमन यांत अशा समित्यांना स्थान मिळाल्याने व्यवस्थापनाला गावपातळीवर आधार लाभला.

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान सुमारे २९ चौरस किलोमीटरचे असल्याने ते लहान म्हणता येणार नाही. परंतु उथळ तळ्यांच्या या समूहाने शांत विहाराचा एक आदर्श घालून दिला आहे. एकेकाळी हे संस्थानी शिकारक्षेत्र होते. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या भेटीत येथे एकाच दिवशी चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेल्याची नोंद आहे. आज त्याच बांधांवरून पर्यटक पायी, सायकलवरून किंवा सायकलरिक्षातून फिरतात. प्रशिक्षित रिक्षाचालक स्वतःच मार्गदर्शकाचे काम करतात. आवाज आणि धूर नसलेल्या वाहनाने रोजगार आणि संवर्धन दोन्ही साधले.

केवलादेवचा दुसरा धडाही महत्त्वाचा आहे. १९८२ मध्ये येथे गुराचराईवर बंदी घालण्यात आली. त्यातून ग्रामस्थांशी संघर्ष उद्भवून जीवितहानी झाली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घकालीन अभ्यासात असे आढळले की म्हशींची चराई थांबल्याने पाणगवताची बेसुमार वाढ झाली आणि पाणपक्ष्यांसाठी खुले पाणी कमी झाले. पाण्याची टंचाई आणि ही वाढ यांमुळे १९९० मध्ये केवलादेवची नोंद संकटग्रस्त रामसर स्थळांच्या माँत्रो सूचीत झाली. स्थानिकांना वगळून केलेले संरक्षण निसर्गालाही मानवतेच असे नाही, हे यातून दिसून येते.

महाराष्ट्रात नवेगाव बांध हा परिसर तलाव आणि जंगल यांच्या सान्निध्याचे उत्तम उदाहरण आहे. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी येथे सेवा बजावली आणि त्यांच्या लेखनातून हे जंगल मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची घोषणा झाली. गोंदिया जिल्ह्यातील तलाव आणि भातशेती हे महाराष्ट्रातील सारस क्रौंचाचे अखेरचे आश्रयस्थान आहे. कास पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत समावेश झाल्यानंतर तेथील गर्दी वाढली. त्यावर उपाय म्हणून प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि फुलांच्या हंगामात दररोज ३,००० पर्यटकांची मर्यादा असे नियम करण्यात आले. त्यांच्या अंमलबजावणीत स्थानिक संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांचा सहभाग आहे.

कायदेशीर चौकट

इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या करारात पाणथळ जागेची व्यापक व्याख्या करण्यात आली. नैसर्गिक किंवा कृत्रिम, कायम किंवा तात्पुरत्या, स्थिर किंवा वाहत्या, गोड्या किंवा खाऱ्या पाण्याच्या सर्व जागांचा तिच्यात समावेश होतो. भारत १९८२ मध्ये या कराराचा सदस्य झाला. जून २०२५ मध्ये भारतातील रामसर स्थळांची संख्या ९१ झाली होती. गोव्यातील ४२ हेक्टरांचे नंदा तळे २०२२ मध्ये त्या राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. लहान जलाशयही आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे असू शकतात, याला त्यामुळे मान्यता मिळाली.

देशांतर्गत कायद्याची व्याप्ती मात्र मर्यादित आहे. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २०१० मध्ये लागू झाले आणि त्यांची जागा २०१७ च्या नियमांनी घेतली. या नियमांनुसार अधिसूचित पाणथळ जागेत अतिक्रमण, घनकचरा टाकणे आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांना मनाई आहे. मागील दहा वर्षांतील सरासरी महत्तम पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, होड्यांचे धक्के वगळता, कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. परंतु पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मीठनिर्मिती आणि करमणूक यांसाठी खास बांधलेले जलाशय या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. तसेच वन कायदे आणि वन्यजीव कायदा लागू असलेल्या क्षेत्रांतील पाणथळ जागांनाही हे नियम लागू होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षणाची तत्त्वे लागू करण्याचा आदेश दिला. या जागा २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या आहेत. साडेपाच लाखांहून अधिक लहान जागा या आदेशाच्या कक्षेत आल्या नाहीत.

परिणामी, जंगलात असलेला आणि मुळात सिंचनासाठी बांधलेला जुना तलाव दोन्ही कारणांनी पाणथळ नियमांबाहेर राहतो. त्याचे संरक्षण प्रामुख्याने इतर तीन कायद्यांवर अवलंबून असते. पहिला, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. अभयारण्यात प्रवेशाचे नियमन, कचरा टाकण्यास व प्राण्यांना त्रास देण्यास मनाई, तसेच पाण्याचा प्रवाह परवानगीविना वळवण्यास किंवा अडवण्यास बंदी या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी आहेत. दुसरा, वन (संवर्धन) अधिनियम, १९८०. २०२३ मधील दुरुस्तीनंतर त्याचे नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम असे झाले. या दुरुस्तीनुसार कार्य आयोजनेत किंवा वन्यजीव व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असलेल्या पर्यावरणस्नेही पर्यटन सुविधा वनेतर वापर मानल्या जात नाहीत. तिसरा, वनहक्क अधिनियम, २००६. जलाशयांतील मासे व इतर उत्पादनांवरील सामूहिक हक्क त्याने मान्य केले असून जलस्रोत आणि पाणलोट सुरक्षित राखण्याचा अधिकार व जबाबदारी ग्रामसभेकडे सोपवली आहे.

या तरतुदींचा एकत्रित विचार केल्यास असे दिसते की संरक्षित क्षेत्राबाहेरील वनतळ्याचे भवितव्य बऱ्याच अंशी वनविभागाची कार्य आयोजना आणि ग्रामसभेचा निर्णय यांवर ठरते. कार्य आयोजनेत तळ्याची स्वतंत्र नोंद, त्याचा पाणलोट आणि भेटींच्या मर्यादा यांचा समावेश नसेल, तर पर्यटन सुविधांना मिळालेली सूट तळ्यासाठी प्रतिकूल ठरू शकते.

सुशोभीकरण की संवर्धन

तलावांच्या विकासासाठी निधी उपलब्ध झाला की काठाला सिमेंटची भिंत, फरसबंद मार्ग, रोषणाई, कारंजी आणि यांत्रिक होड्या यांचे प्रस्ताव अनेकदा पुढे येतात. शहरातील उद्यानतलावासाठी यांपैकी काही गोष्टी योग्य असतील. वनतळ्याच्या बाबतीत मात्र त्या मूळ उद्देशालाच बाधा आणतात. उभ्या भिंतीमुळे उथळ काठ नष्ट होतो. बेडकांना, कासवांना आणि पाणी पिण्यासाठी येणाऱ्या प्राण्यांना वर-खाली जाता येत नाही. रात्रीचे दिवे कीटकांना आकर्षित करतात आणि निशाचर प्राण्यांना दूर ठेवतात. ज्या शांततेसाठी लोक तेथे येतात, तीच या खर्चातून नाहीशी होते.

याचा अर्थ कोणतेही काम करू नये असा नाही. पाणलोटात माती अडवणे, तज्ज्ञांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने गाळ काढणे, जलपर्णी व घाणेरी यांसारख्या परकीय वनस्पती काढून टाकणे, जुना बांध व सांडवा दुरुस्त करणे ही कामे आवश्यक आहेत. केंद्र शासनाने २०१३ मध्ये राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना आणि राष्ट्रीय पाणथळ संवर्धन कार्यक्रम एकत्र करून जलीय परिसंस्था संवर्धनाची राष्ट्रीय योजना सुरू केली. २४ एप्रिल २०२२ रोजी घोषित झालेल्या अमृत सरोवर अभियानात प्रत्येक जिल्ह्यात ७५ जलाशयांच्या निर्मितीचे वा पुनरुज्जीवनाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. अशा योजनांतून निधी मिळू शकतो. परंतु वनतळ्यांसाठी त्याचा विनियोग पाणी आणि काठ यांच्या आरोग्यावर होतो की देखाव्यावर, हे पाहणे आवश्यक आहे.

धारणक्षमतेचे गणित

एखाद्या ठिकाणी हानी न होता किती लोकांना सामावून घेता येईल, या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात. तिचा हिशेब तीन टप्प्यांत केला जातो. उदाहरणादाखल, एका तळ्याकाठी १,००० मीटर लांबीची पायवाट आहे असे मानू. पाच जणांच्या दोन गटांत १०० मीटर अंतर ठेवल्यास एका वेळी दहा गट, म्हणजे ५० व्यक्ती फिरू शकतात. सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास प्रवेश असेल आणि एका फेरीला एक तास लागत असेल, तर दिवसाला २०० व्यक्ती ही भौतिक धारणक्षमता झाली. विणीच्या हंगामात निम्मी वाट बंद ठेवावी लागते, म्हणून ती १०० वर येते. पावसामुळे निसरडी झालेली जागा आणखी २० टक्क्यांनी क्षमता घटवते. उरलेली ८० ही वास्तविक धारणक्षमता होय. मार्गदर्शक आणि कर्मचारी आवश्यकतेच्या निम्मेच असतील, तर प्रत्यक्षात ४० व्यक्तींनाच प्रवेश देता येईल. ही परिणामकारक धारणक्षमता होय. वाटेवर मावणाऱ्या लोकसंख्येपेक्षा जलाशयाला मानवणारी लोकसंख्या कितीतरी कमी असते, हे यावरून दिसते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांतही व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनासाठी धारणक्षमतेचे तत्त्व स्वीकारण्यात आले आहे.

स्थानिक समाजाचा सहभाग

वनतळे पर्यटकासाठी विसाव्याचे ठिकाण असते. गावासाठी मात्र ते गुरांचे पाणी, मासे, शिंगाडे, सिंचन आणि श्रद्धा यांचा आधार असते. मामा तलावांच्या बाबतीत पाणीवाटप, मासेमारी आणि काठावरील वनजमीन यांचा संबंध वेगवेगळ्या यंत्रणांशी येतो. त्यामुळे पर्यटनाचा निर्णय एकाच विभागाने घेतल्यास संघर्ष निर्माण होण्याची शक्यता असते. प्रवेशशुल्काचा वाटा ग्रामसभेकडे किंवा समितीकडे गेल्यास आणि मार्गदर्शनाचे काम गावातील युवक-युवतींना मिळाल्यास तळ्याच्या रक्षणात गावाचे हित निर्माण होते. केरळमधील पेरियार येथे १९९० च्या दशकात सुरू झालेल्या परिस्थितिकी विकास कार्यक्रमात, पूर्वी बेकायदा झाडांची साल गोळा करणाऱ्यांनाच जंगलाचे रक्षक व मार्गदर्शक बनवण्यात आले. बांबूच्या तराफ्यावरून शांत जलविहार हा त्यांच्या उपजीविकेचा एक भाग बनला.

वन्यजीव कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव क्षेत्रांची तरतूद केली. गावाच्या किंवा खाजगी मालकीच्या जमिनीवरील तळ्यांना समुदाय राखीव क्षेत्राद्वारे संरक्षण देता येते. हा मार्ग अद्याप पुरेसा वापरला गेलेला नाही.

भेट देणाऱ्यांची शिस्त

कायदा आणि आराखडे यांच्या जोडीला भेट देणाऱ्यांची शिस्तही तितकीच महत्त्वाची आहे. वनक्षेत्रात प्रवेशाची परवानगी घेणे, लहान गटाने जाणे, ठरलेल्या वाटेनेच फिरणे, भडक कपडे आणि ध्वनिवर्धक टाळणे, पाण्यात साबण वा अन्न न टाकणे, आणलेला प्रत्येक कागद व बाटली परत नेणे हे प्राथमिक नियम होत. घरातील मत्स्यपेटीतील मासे किंवा कासवे तळ्यात सोडणे भूतदयेचे वाटले, तरी त्यामुळे स्थानिक प्रजाती धोक्यात येतात. घरट्याचे जवळून छायाचित्र घेण्याचा मोह टाळावा. अनोळखी तळ्यात पोहण्यासाठी उतरू नये. गाळ, पाणवनस्पती आणि खोलीचा अंदाज न येणे यांमुळे दुर्घटना घडतात. उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ संध्याकाळनंतर रेंगाळू नये, कारण ती वेळ वन्यप्राण्यांची असते.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवती शांतता क्षेत्रे ठरतात. वनतळ्यांना मात्र असे संरक्षण आपोआप मिळत नाही. तेथील शांतता बरीचशी व्यवस्थापनाच्या नियमांवर आणि नागरिकांच्या संयमावर अवलंबून असते.

समारोप

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हिंचलाल तिवारी प्रकरणात वने, तलाव, तळी व टेकड्या ही निसर्गाची देणगी असून पर्यावरणीय समतोलासाठी त्यांचे रक्षण आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. लहान वनतळ्यांना हे तत्त्व प्रत्यक्षात लागू करावयाचे असल्यास पुढील गोष्टींना प्राधान्य द्यावे लागेल : प्रत्येक वनतळ्याची कार्य आयोजनेत नोंद, ग्रामसभेच्या संमतीने भेटींचे नियम, हंगामानुसार बदलणारी धारणक्षमता आणि बांधकामाऐवजी पाणलोट व काठ यांवर खर्च. शांत विहारासाठी येणाऱ्या नागरिकांमुळे एका दुर्लक्षित तळ्याला जागरूक निरीक्षक मिळू शकतात आणि गावाला उत्पन्नाचे साधन मिळू शकते. मर्यादा पाळली गेली नाही, तर तेच पर्यटन काही हंगामांतच तळ्याची हानी करू शकते. या दोन शक्यतांपैकी कोणती प्रत्यक्षात येणार, हे तळ्याविषयीचे निर्णय वेळीच आणि स्थानिकांच्या सहभागाने घेतले जातात की नाही, यावर अवलंबून आहे.